कलम वाढवायचं कोणी?

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीच्या धाकट्या भावावर बांधाच्या वादातून चुलतभावाने कोयत्याने वार केला, त्याच्या मुलाने डोक्यात काठी घातली. (वार डोक्यावर येत होता, भावाने डावा हात आडवा घातला.) हाताचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली, डोक्याला चार टाके पडले. वडिलांनी त्याच रात्री फिर्याद दिली. त्यावर भारतीय न्याय संहितेची ११८(१) (हत्याराने दुखापत), ११५(२) (साधी मारहाण), ३५२ (मुद्दाम अपमान), ३५१(२) (धमकी) आणि ३(५) (मिळून केलेला गुन्हा) ही कलमं लागली. भावाचा जबाब चौथ्या दिवशी दवाखान्यात पाच-सहा ओळींत उरकला. समोरच्यांना आठवड्याभरात जामीन झाला आणि त्यांनी वडिलांवर व भावावर उलट फिर्यादही दिली. सात आठवडे झाले, चार्जशीट गेलेलं नाही. गाव म्हणतं, पोलिसांनी पैसे खाल्ले. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, पुरवणी जबाबात 'आज तुला जिवंत सोडत नाही' हे वाक्य घाला, म्हणजे हाफ मर्डर (खुनाचा प्रयत्न, कलम १०९) लागतो. तसं कोणी म्हटल्याचं घरात कोणालाच आठवत नाही. बाईंचे प्रश्न: सरकारी वकील आपल्या बाजूचे असतात, मग ते योग्य कलम का लावत नाहीत? त्यांना कसं भेटावं? खासगी वकील द्यावा का? आणि पाहुणे मिटवा म्हणतात, तर मिटवावं का?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. वार डोक्यावर येत होता आणि भावाने हात आडवा घातला, हे ते वाक्य. फिर्यादीत ते नाही. वडिलांनी घाबऱ्याघुबऱ्या 'कोयत्याने डाव्या हातावर मारले' एवढंच सांगितलं आणि तेवढंच लिहिलं गेलं. कोणतं कलम टिकणार याचा बराचसा निकाल या तपशिलावर आहे. घरात चर्चा मात्र चालली आहे ती कोणी न ऐकलेल्या वाक्याची.

आधी पैसे खाल्ल्याचं बघू. खाल्ले असतील किंवा नसतील, पण पहिल्या रात्रीच्या कलमांवरून ते ठरत नाही. फिर्याद घेताना ठाणे अंमलदारापुढे फक्त सांगितलेली हकीकत असते. एक्स-रे झालेला नसतो, डॉक्टरांचा दाखला आलेला नसतो. धारदार हत्याराने दुखापत झाली एवढं कळलं की ११८(१) लागतं आणि पुढचं तपासावर सोडलं जातं. यात वावगं काही नाही. हाड मोडल्याचं कागदावर आलं की मात्र चित्र बदलतं. कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. हाड किंवा दात मोडणं हा त्यातला एक. जिवाला धोका होईल अशी, किंवा १५ दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीचं काम करू न देणारी दुखापत हा आणखी एक. (जुन्या दंड संहितेत हे २० दिवस होते. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनाच कायदा आणि जुनेच आकडे लागतात. असाच प्रश्न असणाऱ्या इतर वाचकांनी घटनेची तारीख आधी पाहावी.) हत्याराने गंभीर दुखापत म्हणजे ११८(२), जुनं ३२६. तिथे शिक्षा किमान १ वर्ष ते १० वर्षं किंवा जन्मठेप आहे. ११८(१) मध्ये कमाल ३ वर्षं.

तेव्हा पोलिसांना विचारायचा प्रश्न 'पहिल्या दिवशी १०९ का नाही लावलं?' हा नाही. 'फ्रॅक्चरचा अंतिम दाखला तुमच्याकडे कधी आला आणि त्यानंतर ११८(२) ची कलमवाढ न्यायालयाला कळवली का?' हा आहे. सात आठवड्यांनी याचं उत्तर 'दाखलाच आला नाही' असं असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे आणि लेखी करण्याजोगी आहे.

आता सरकारी वकील. ते तुमचे वकील नाहीत, ते राज्याचे आहेत. त्यांनी शिक्षा व्हावी म्हणून वाटेल ते करावं अशी अपेक्षा कायदाच करत नाही. आरोपीच्या फायद्याचा कागद फाइलमध्ये असेल तर तोही त्यांनी न्यायालयापुढे ठेवायचा असतो. आणि कलमं ते लावत नाहीत. इंग्रजी मालिकांत सरकारी वकीलच आरोप ठरवतो आणि आरोपीच्या वकिलाशी सौदा करून उतरवतो, ते अमेरिकेत. इंग्लंडमध्येही गंभीर गुन्ह्यांत आरोप कोणता ठेवायचा हे पोलिसांपासून स्वतंत्र असलेली अभियोग सेवा ठरवते. ती दोनच गोष्टी पाहते: या पुराव्यावर दोषी ठरण्याची खरी शक्यता आहे का, आणि खटला चालवणं सार्वजनिक हिताचं आहे का. आपल्याकडे तपास आणि चार्जशीट ही पोलिसांची हद्द. आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासाचे कागद सरकारी वकिलाकडे पाठवून त्याच्या मताप्रमाणे चार्जशीट करा, असा आदेश उच्च न्यायालयालाही देता येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) कलम २० ने अभियोग संचालनालयाच्या उपसंचालकांना पोलीस अहवाल तपासून पाहण्याचं काम दिलं आहे, त्यामुळे सल्ल्याला वजन आलं. तरी सही तपास अधिकाऱ्याचीच.

मग शेवटचा शब्द कोणाचा? न्यायालयाचा, आणि तोही आरोप निश्चितीच्या दिवशी. फिर्यादीतली कलमं हा पहिला अंदाज, चार्जशीटमधली कलमं हे पोलिसांचं मत, आणि न्यायाधीश आरोपीला वाचून दाखवतात तो खरा आरोप. चार्जशीट दाखल झाल्याबरोबर दंडाधिकाऱ्याने त्यात कलम घालावं किंवा काढावं हेही चालत नाही. त्याची वेळ आरोप निश्चितीची, असं सर्वोच्च न्यायालयाने गिरीश वर्दे प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. बरेच लोक याआधीच अर्जांवर अर्ज करून दमतात आणि नेमक्या त्या तारखेला न्यायालयात नसतात.

१०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न, जुनं ३०७. इथे जखम किती मोठी हा प्रश्न दुय्यम आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बलराम बामा पाटील (१९८३) या निकालापासून हे पक्कं आहे की जखम प्राणघातक असलीच पाहिजे असं नाही. मारण्याचा हेतू किंवा जाणीव आणि त्या दिशेने केलेली कृती दिसली पाहिजे. हेतू कोणाच्या मनात शिरून बघता येत नाही, म्हणून न्यायालय बाहेरच्या खुणा बघतं. हत्यार घरून आणलं होतं की उसात काम करताना हातातच होतं? वार किती झाले, शरीराच्या कोणत्या भागावर रोखले? जोर किती होता? भाऊ खाली पडल्यावर हल्लेखोर स्वतः थांबला, की लोकांनी ओढून काढला? शेवटचा प्रश्न साक्षीदारांना फार क्वचित विचारला जातो. एक वार करून, संधी असताना, माणूस निघून गेला तर १०९ लंगडं पडतं.

तुमच्या भावाच्या हाताकडे आता नीट पाहा. डोक्यावर येणारा वार अडवायला हात उचलला की कोपर दुमडतं आणि पंजापासून कोपरापर्यंतच्या भागाची बाहेरची, करंगळीकडची कड पुढे येते. प्लेट त्या बाजूच्या हाडात बसवली असेल आणि जखमही त्याच बाजूला असेल, तर 'हात आडवा घातला' या म्हणण्याला शरीरच साक्ष देतं. दुसरी गोष्ट जखमेची जात. दाखल्यात 'इन्साइज्ड वूंड' लिहिलं आहे की 'सीएलडब्ल्यू'? पहिली धारेची चीर, कडा स्वच्छ. दुसरी ठेचून फाटलेली. कोयत्याची धार लागली की उलटी बाजू, हे त्यावरून कळतं. उलट्या बाजूने मारलं असेल तर बचावाचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणणार की मारायचंच असतं तर धारेने मारलं असतं. सेंटीमीटरमध्ये लांबी, रुंदी, खोली आणि 'हाडापर्यंत' असा शेरा आहे का तेही बघा. 'हाताला जखम' एवढ्यावर दाखला संपत असेल तर पोलिसांनी डॉक्टरांना लेखी प्रश्न विचारून, जप्त कोयता दाखवून, 'ही जखम या हत्याराने होऊ शकते का' असा अभिप्राय घ्यायला हवा. हे पत्र पोलिसांनीच पाठवायचं असतं, पण पाठवा अशी लेखी विनंती तुम्ही करू शकता.

आता ते वाक्य. 'जिवंत सोडत नाही' हे कोणी ऐकलं नसेल तर लिहून देऊ नका. नैतिकतेचा भाग झालाच, पण हिशेबानेही तो तोट्याचा सौदा आहे. फिर्यादीत नाही, चौथ्या दिवशीच्या जबाबात नाही आणि आठव्या आठवड्यात एकदम उगवलं, म्हणजे उलटतपासणीत त्याला नंतर केलेली सुधारणा म्हणतात. तपास अधिकाऱ्याला पिंजऱ्यात विचारतील, 'हे आधी सांगितलं होतं का?' तो 'नाही' म्हणणार. मग जो खरा तपशील आहे, हात आडवा घातल्याचा, तोही त्याच संशयाच्या भोवऱ्यात जातो. आणि नुसत्या शब्दांना न्यायालय फार वजन देतही नाही. भांडणात 'खपवतो', 'मारून टाकतो' ही वाक्यं दोन्हीकडून येतात हे कुठल्याही न्यायाधीशाला ठाऊक असतं.

पुरवणी जबाब मात्र जरूर द्यावा, भावाने स्वतः. वार कुठून कसा आला, तो उभा होता की वाकलेला, हात कसा वर नेला, काठी आधी पडली की नंतर, कोणी सोडवलं, हे त्याच्या शब्दांत. हे आधी का सुटलं याचंही खरं कारण त्यातच यावं: त्या दिवशी औषधाच्या गुंगीत होता, बोलता येत नव्हतं, कोणी विचारलं नाही, जे असेल ते. वडिलांनीही जे पाहिलं तेवढंच सांगावं. दोघांनी बसून जबाब जुळवू नयेत; शब्दाला शब्द जुळणारे जबाब बघूनच शंका येते. जबाब झाल्यावर वाचून घ्या आणि 'सदर इसमाने' छापाच्या भाषेत अर्थ बदलला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा. तुमचे शेजारी साक्षीदार पुढे कच खातील अशी भीती असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यापुढे त्यांचे जबाब नोंदवण्याची विनंती पोलिसांना करता येते. (पुढे येणारी १९३, २३०, २३९, २४५, ४१३ आणि ५२८ ही कलमंही याच संहितेतली.)

कागदांचं काम जबाबाइतकंच महत्त्वाचं, आणि केस बहुधा इथेच मरते. भाऊ ग्रामीण रुग्णालयातून खासगी दवाखान्यात हलवला असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी पहिला दाखला सरकारी डॉक्टरांचा, ऑपरेशन खासगी डॉक्टरांचं आणि एक्स-रेची फिल्म घरातल्या कपाटावर, असे तीन तुकडे होतात. खटल्यात डॉक्टर येतो, 'फ्रॅक्चर होतं' म्हणतो, आणि एक्स-रेची फिल्म कुठे आहे विचारल्यावर कोणाकडेच नसते. मग ११८(२) चं पुन्हा ११८(१) होतं, तेही तीन-चार वर्षांनी. म्हणून फिल्म, तिच्यावरचा क्रमांक व तारीख, रेडिओलॉजिस्टचा अहवाल, ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड पोलिसांकडे जमा करा आणि जमा केल्याची पोच घ्या. झेरॉक्स घरी ठेवा. एक्स-रे सीडीवर किंवा मोबाइलवर मिळाला असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागेल, ते दवाखान्याकडून आत्ताच मागा. कोणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर ते फॉरवर्ड होत होत आलेलं नको, मूळ फोन हवा. रक्ताचे कपडे धुतले नसतील तर कागदात गुंडाळून द्या. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा धरून डाग कुजतात आणि प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा (सीए) रिपोर्ट 'निष्कर्ष काढता येत नाही' असा येतो. भाऊ नोकरीला असेल तर रजेची नोंदही द्या, १५ दिवसांच्या निकषाला ती उपयोगी पडते.

हे सगळं एका अर्जात लिहून तपास अधिकाऱ्याला द्या, एका प्रतीवर आवक शिक्का घ्या, आणि त्याच अर्जाच्या प्रती उपविभागीय पोलीस अधिकारी व पोलीस अधीक्षकांना. अर्जात '१०९ लावा' एवढंच लिहिलं तर तो बाजूला पडतो. 'दाखल्यात अमुक आहे, जबाबात अमुक आहे, त्यावरून ११८(२) दिसतं, आणि १०९ चा विचार व्हावा' असं लिहिलं तर अधिकाऱ्याला फाइलवर उत्तर द्यावं लागतं. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं कलम १९३ खाली पोलिसांवर बंधनकारक आहे, त्याचाही उल्लेख करा. '९० दिवसांत चार्जशीट गेलं नाही की केस संपते' ही समजूत चुकीची आहे. ती मुदत कोठडीतल्या आरोपीच्या जामिनापुरती. तुमच्या केसमध्ये आरोपी बाहेरच आहेत, म्हणून पोलिसांनाही घाई नाही.

कलम वाढलं की आरोपी लगेच आत जातील, अशी आशा धरू नका. आधीचा जामीन आपोआप रद्द होत नाही. पोलिसांना न्यायालयाकडून आदेश घ्यावा लागतो आणि आरोपी वाढीव कलमासाठी नव्याने जामीन मागू शकतो.

मोठं कलम म्हणजे मोठा न्याय, हेही जरा तपासून घ्या. ११८(२) दंडाधिकाऱ्यापुढे चालतं. कागदावर जन्मठेप असली तरी प्रथमवर्ग दंडाधिकारी ३ वर्षांपर्यंतच शिक्षा देऊ शकतो. जास्त हवी वाटली तर त्याला प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं, त्यांची मर्यादा ७ वर्षांची. १०९ सत्र न्यायालयात जातं, तिथे ही मर्यादा नाही. म्हणून १०९ खरोखर बसत असेल तर आग्रह धरण्यात अर्थ आहे. बसत नसेल आणि ओढूनताणून लावलं, तर केस पडतेच असं नाही. १०९ चा आरोप ठेवून ११८(२) खाली शिक्षा देण्याची मुभा कलम २४५ देतं. नुकसान होतं ते वेगळंच. मोठ्या कलमाला शोभावं म्हणून साक्षीदार वाढवून बोलू लागतात आणि त्यात पकडले जातात. शिवाय दोन्ही बाजूंच्या फिर्यादी एकाच घटनेच्या असतील तर दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढे एकामागोमाग चालावेत असा दंडक आहे. तुमचं प्रकरण सत्र न्यायालयात गेलं की तुमचे वडील आणि भाऊही आरोपी म्हणून तिथेच उभे राहतील. त्यांच्या बचावाची तयारी आजपासून करा, कारण उलट फिर्यादीत समोरच्यांच्या अंगावर जखमा असतील तर 'आधी कोणी मारलं' हा प्रश्न तुमच्या केसमध्येही येणारच.

माझं मत विचाराल तर: ११८(२) तुमचं हक्काचं आहे, त्यात तडजोड करू नका. १०९ चा पाया आहे, पण तो भावाच्या खऱ्या जबाबावर, जखमेच्या जागेवर आणि सोडवणाऱ्यांच्या साक्षीवर उभा राहील. ते तिन्ही जुळलं तरच मागा.

सरकारी वकिलांना भेटायचं ते चार्जशीट गेल्यावर. त्याआधी त्यांच्याकडे जामिनाच्या वेळचे थोडे कागद सोडले तर काही नसतं. दंडाधिकारी न्यायालयात सहायक सरकारी अभियोक्ता, सत्र न्यायालयात जिल्हा किंवा अतिरिक्त सरकारी वकील. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) सुरू असताना व्हरांड्यात गाठू नका, त्यांच्या हातात त्या दिवशीच्या तारखा असतात. दुपारनंतर कार्यालयात जा, सोबत एक पानी टिपण न्या: कोणता मुद्दा चार्जशीटच्या कोणत्या पानावर आहे, काय राहिलं आहे. गाऱ्हाणं ऐकायला त्यांना वेळ नसतो, पान क्रमांक मात्र ते लिहून घेतात. काही महत्त्वाचं तपासात राहूनच गेलं असेल तर पुढील तपासासाठी कलम १९३(९) आहे. आरोप निश्चितीच्या वेळी १०९ चा मुद्दा त्यांच्यामार्फत मांडा. दंडाधिकाऱ्याला पटलं तर प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग होतं. नंतरही, निकाल लागण्याआधी केव्हाही, आरोपात बदल करण्याचा अधिकार न्यायालयाला कलम २३९ ने आहे. तो पक्षकाराचा हक्क नाही, पण पुराव्यात काही नवं आलं तर लक्ष वेधता येतं.

खासगी वकील द्या, परवडत असेल तर. मात्र त्याचं काम काय हे समजून पैसे द्या. तो न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलांना सहाय्य करतो, त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालतो, आणि पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देऊ शकतो. साक्षीदारांची उलटतपासणी तो स्वतः घेऊ शकत नाही. रेखा मुरारका प्रकरणात २०१९ मध्ये हे ठरलं आहे. त्याचा खरा फायदा दोन ठिकाणी. पीडिताच्या वतीने वकील उभा असेल तर चार्जशीटची प्रत कलम २३० प्रमाणे तुम्हालाही मिळते. आणि आरोपी सुटला, किंवा कमी गुन्ह्याखाली दोषी ठरला, तर कलम ४१३ खाली अपील करायचा हक्क तुमच्या भावाचा स्वतःचा आहे, तेव्हा सुरुवातीपासून फाइल माहीत असलेला माणूस लागतो. उलट फिर्यादीतल्या बचावासाठी वकील लागणारच आहे. तोच दोन्हीकडे बघू शकतो, एवढा खर्च वाचेल.

राहिलं मिटवणं. मिटवू नका असं मी म्हणणार नाही. शेजारी शेत आहे, रोजचं तोंड बघायचं आहे. पण गावात स्टॅम्प पेपरवर सह्या करून हा गुन्हा मिटत नाही. साधी मारहाण ११५(२) आपसात मिटवता येते, ११८ ची दोन्ही पोटकलमं आणि १०९ येत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली अर्ज करावा लागतो, सातारा जिल्ह्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. तिथे १०९ असेल तर न्यायालय नुसता समझोता न बघता जखम कुठे, हत्यार कोणतं हेही बघतं आणि नकारही देतं. न्यायालयाबाहेर 'साक्षच उलटी देतो' असा समझोता पाहुणे सुचवतील. त्यात तुमचा भाऊ शपथेवर खोटं बोलणारा ठरतो आणि समोरच्यांची फिर्याद तशीच चालू राहू शकते, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. समझोता झालाच तर दोन्ही फिर्यादी एकत्र, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर, आणि दवाखान्याच्या खर्चाची रक्कम बँकेतून. सहीच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून बांधाची सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या. मोजणीचा अर्ज आजच टाकलात तरी हरकत नाही, त्याला फौजदारी केसची आडकाठी नाही.